पोलिसाचा शेरा आणि वाचकाचे पत्र

१८८६ हे वर्ष रत्नागिरीच्या इतिहासात बहुतेकांना थिबा राजामुळे आठवते. ब्रह्मदेश खालसा केल्यावर इंग्रजांनी त्या पदच्युत राजाला आधी मद्रासला आणि तेथून याच वर्षी रत्नागिरीला आणून ठेवले, कारण एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्री असलेले हे आडवळणाचे गाव नकोशी माणसे दूर ठेवण्यासाठी सरकारला सोयीचे वाटत होते. त्याच वर्षी रत्नागिरीत वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले, जे आज प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणून ओळखले जाते. आणि त्याच वर्षी जर्मनीतील श्टुटगार्ट येथे रिखार्ड फॉन क्राफ्ट-एबिंग या मानसोपचारतज्ज्ञाचा ‘सायकोपॅथिया सेक्शुॲलिस’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, ज्याने पुरुषाला पुरुषाविषयी किंवा स्त्रीला स्त्रीविषयी वाटणारे आकर्षण आणि आपण जन्मतः मिळालेल्या लिंगाचे नाही ही जाणीव या दोहोंना रोगांच्या यादीत जागा दिली. रत्नागिरीचे इस्पितळ आणि तो जर्मन ग्रंथ यांचा तेव्हा परस्परांशी काही संबंध नव्हता. तरीही मन कोणाचे बिघडले, ते कोणी ठरवायचे आणि ज्याच्याविषयी ठरवायचे त्याला काही विचारायचे की नाही, हे प्रश्न दोन्हीकडे एकच होते. आणि पुढे अर्धशतक उलटण्याच्या आत याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका माणसाने ते मराठी वाचकांसमोर उघडपणे मांडले.

आजच्या परिभाषेत दोन गोष्टी वेगळ्या केल्या जातात. शरीराच्या रचनेवरून जन्माच्या वेळी ठरवले जाते ते लिंग आणि माणूस स्वतःला पुरुष, स्त्री किंवा या दोहोंहून वेगळा मानतो ती त्याची लिंगभावाची ओळख. ही ओळख जन्मतः ठरवलेल्या लिंगाशी जुळत नसेल तर त्या व्यक्तीला पारलिंगी म्हटले जाते. कोणाविषयी आकर्षण वाटते हा लैंगिक कलाचा प्रश्न त्याहून निराळा आहे. एकोणिसाव्या शतकातील कायदा, वैद्यक आणि लोकव्यवहार यांत हा भेद फारसा नव्हता आणि सगळ्यांची मोट एकत्रच बांधली जात असे. त्यामुळे त्या काळाचा इतिहास सांगताना हे धागे पूर्णपणे सुटे करता येत नाहीत.

हा गुंता इंग्रजांच्या आगमनापासून सुरू होतो असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वडिलार्जित मालमत्तेचा वाटा ज्यांना मिळू नये अशांची जी यादी आहे, तीत क्लीब, म्हणजे पुरुषत्वहीन मानलेली व्यक्ती, आणि उन्मत्त, म्हणजे वेड लागलेली व्यक्ती, हे दोघे एकाच ओळीत बसतात. त्यांना वाटा नाही, पण अन्नवस्त्र द्यावे असे लगेच पुढे सांगितले आहे. ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ लिहिणारे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे रत्नागिरी जिल्ह्यातच जन्मले होते आणि दायभागाच्या, म्हणजे वारसाहक्काच्या, विवेचनात त्यांनी या अपात्रतांचा सविस्तर परामर्श घेतला आहे. ही केवळ पोथीतली तरतूद नव्हती. इंग्रजी न्यायालयांनी हिंदू कायदा म्हणून तिला मान्यता दिली, आणि १९२८ च्या कायद्याने जन्मतः वेड किंवा मतिमंदत्व असलेल्यांचा अपवाद ठेवून बाकीच्या अपात्रता दूर केल्या, तोवर क्लीबत्वाचा आक्षेप घेऊन भाऊबंदाला वाट्यातून उठवण्याचा मार्ग कायद्याने खुला होता. पोटाला घालू पण घराच्या कारभारात बोलू देणार नाही, ही वृत्ती त्या तरतुदीच्या मुळाशी होती आणि कायदा गेल्यावरही ती घराघरांतून गेली नाही.

मराठी राज्याच्या काळात हिजड्यांच्या समुदायाला, ज्यांना जुन्या कागदांत पावये असेही म्हटले आहे, काही ठिकाणी रोख नेमणुका, थोडी इनाम जमीन आणि ठरावीक मुलखात भिक्षा मागण्याचा हक्क राज्यकर्त्यांच्या सनदांनी मिळालेला होता. कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यातील अधिकाऱ्यांपुढे १८३० नंतरच्या काळात हे दावे आले, तेव्हा सनद खरी असली तरी असा हक्क पुढे चालू ठेवणे सरकारला शोभते काय, यावर बराच पत्रव्यवहार झाला. अखेर दख्खन, खानदेश आणि दक्षिण महाराष्ट्रातील इनामांच्या चौकशीसाठी झालेल्या १८५२ च्या अकराव्या कायद्यात, देशाचा कायदा किंवा सार्वजनिक सभ्यतेचे नियम यांचा भंग होईल असे इनाम पुढे चालू ठेवू नये, असा नियम घालण्यात आला. नियमात कोणाचे नाव नव्हते, परंतु त्यामागचा पत्रव्यवहार पाहिला तर रोख कोणाकडे होता हे स्पष्ट होते. पुढे ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ मानलेले लैंगिक संबंध गुन्हा ठरवणारे १८६० च्या दंड संहितेचे कलम ३७७ आले आणि उत्तर हिंदुस्थानातील काही प्रांतांत १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली हिजड्यांची नोंदणी करून स्त्रीवेष घालून नाचण्यावर तुरुंगवासाची शिक्षा ठेवण्यात आली. कायद्याचा तो भाग मुंबई इलाख्याला लागू नव्हता, एवढाच काय तो फरक.

कोकणातील लोकजीवनात लिंगभावाच्या सीमा ओलांडण्याला एक ठरलेली जागा होती आणि ती शिमग्यात व रंगमंचावर होती. शिमग्याच्या खेळ्यांबरोबर स्त्रीवेषातला पुरुष नाचतो, त्याला गोमू म्हणतात; नऊवारी, अंबाडा, पायांत चाळ अशा वेषात तो घरोघरच्या अंगणात नाचतो, संकासुराचे सोंग त्याच्याभोवती उड्या मारते आणि घरची माणसे त्याला पोस्त, म्हणजे शिमग्याची बक्षिसी, देतात. नमन या लोकनाट्यातल्या गवळणी आणि मावशी पुरुषच करीत आले आहेत. दशावतारात, ज्याचा मुख्य मुलूख म्हणजे आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होता, राणी, देवी आणि नायिका यांच्या भूमिका करणारे पुरुष नट वर्षानुवर्षे त्याच भूमिकांसाठी ओळखले जात. घाटावर, सौंदत्तीच्या यल्लम्मेच्या उपासनेत, स्त्रीवेष धारण करणारे जोगते असत आणि आजही आहेत.

या परंपरांकडे पाहून पूर्वीचा समाज उदार होता असा निष्कर्ष काढण्याची हल्ली प्रवृत्ती दिसते. ती पुराव्याला धरून नाही. गोमू नाचणारा पुरुष होळीनंतर घरी जाऊन बायकामुलांचा कर्ता पुरुष होत असे आणि तसे होईल या भरवशावरच त्याचे नाचणे गावाला चालत असे; ज्याला तो वेष उतरवताना यातना होत, त्याच्यासाठी गावाकडे कोणतीच जागा नव्हती. जोगत्याला मान होता, पण तो देवीचा होता आणि त्यासाठी त्याला घर सोडावे लागे. तरीसुद्धा एक गोष्ट मान्य केली पाहिजे की ज्या गावात दरवर्षी पुरुषाला स्त्री होऊन नाचताना लहानथोर सारे पाहतात, त्या गावाला ही कल्पना अनोळखी नसते. ओळख होती, स्वीकार नव्हता.

मनाच्या दुखण्याबाबतही असेच होते. माणूस अचानक अबोल झाला, रात्री घराबाहेर जाऊ लागला, नवी नवरी घुमू लागली किंवा मुलगा लग्नाचे नाव काढताच बिथरू लागला, तर घरची माणसे आधी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालीत, गुरवाकडून कौल लावून घेत आणि मग भगताकडे नेऊन अंगारा, उतारा, राखणदाराचा मान असे उपाय करीत. कोकणातील अशा समजुतींची मोठी नोंद रेजिनाल्ड एन्थोव्हेन यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोकणच्या लोकसमजुतींवरील टिपणांत आहे. ती सामग्री मुळात नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी गावोगावच्या शाळामास्तरांकडून प्रश्नावलीची उत्तरे मागवून जमवली होती. भूतबाधेच्या स्पष्टीकरणात एक सोय होती. दोष बाहेरच्या शक्तीकडे जात असल्याने माणूस कायमचा कलंकित होत नसे आणि बाधा उतरली की तो पुन्हा घरचा होई. परंतु ज्याचे वेगळेपण उतरण्यासारखे नव्हतेच, त्याच्यावर उपाय करीत राहणे म्हणजे छळ होता, आणि चाबूक, मिरचीची धुरी, उपासमार हे भगतगिरीतले प्रकार अशांच्या वाट्याला किती काळ येत असतील याची कल्पना करणे कठीण नाही.

रत्नागिरीचे इस्पितळ या जगात आले ते १८५८ च्या वेड्यांच्या इस्पितळांसंबंधीच्या कायद्याने घालून दिलेली चौकट घेऊन. या कायद्याने मोकाट भटकणाऱ्या वेड्याला पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करण्याचे काम पोलिसांवर सोपवले होते. मॅजिस्ट्रेटने वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला पाहून हुकूम दिला की ती व्यक्ती इस्पितळात जाई. म्हणजे दाराशी नेणारा पोलीस, दार उघडण्याचा हुकूम देणारा मॅजिस्ट्रेट आणि आत ठेवणारा डॉक्टर, असा तिघांचा हा व्यवहार होता, आणि ज्याच्याविषयी तो होई त्याचे म्हणणे त्यात जवळपास कोठेच येत नसे. मोठ्या शहरांतील इस्पितळांच्या मानाने रत्नागिरीचे इस्पितळ लहानच राहिले. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या महाराष्ट्रातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत आजही सर्वांत कमी, ३६५, खाटा येथेच आहेत. पण लोकांच्या बोलण्यात त्याने लवकरच जागा पटकावली; मुंबईकडे ‘ठाण्याला पाठवा’ आणि पुण्याकडे ‘येरवड्याला पाठवा’ म्हणावे तसे दक्षिण कोकणात व घाटावरच्या लगतच्या भागात ‘रत्नागिरीला नेऊन सोडा’ हे कोणाचेही वागणे न पटल्यावर सहज तोंडी येऊ लागले.

इस्पितळात माणूस जाताना त्याच्याबरोबर एक वर्णनपत्र जाई, ज्यात नाव, जात, वय, धंदा यांबरोबर वेडाचे कारण लिहिण्याचा रकाना असे. या रकान्याची खरी किंमत १८९३-९४ च्या भांग-गांजा आयोगामुळे उघड झाली. गांज्याने वेड लागते असे इस्पितळांचे वार्षिक तक्ते वर्षानुवर्षे सांगत होते, म्हणून आयोगाने ब्रिटिश हिंदुस्थानातील इस्पितळांची कागदपत्रे मुळापासून तपासली, आणि कारणाचा रकाना बहुधा पोलिसांनी वरवर चौकशी करून भरलेला असतो व पुढे डॉक्टरही तोच तक्त्यात उतरवतात असे दिसून आले. गांजा ओढणारा म्हणून कोणी ओळखीचा असला की वेडाचे कारण गांजा, इतके ते सोपे होते. हे निष्कर्ष गांज्यापुरते होते, पण त्यांचा अर्थ त्याहून मोठा होता. ज्या पद्धतीत वेडाचे कारण पोलिसाच्या शेऱ्यावरून ठरते, तिथे शेजाऱ्यांना विचित्र वाटणारे वागणे आणि खरा मनोविकार यांतला फरक टिपला जाण्याची शक्यता फार थोडी राहते. शिवाय वार्षिक तक्त्यांत पुरुष आणि स्त्रिया असे दोनच रकाने होते. ज्याची ओळख या दोहोंत बसत नव्हती, त्याला कागदावर यायचे तर कोणत्या तरी एका रकान्यात बसूनच यावे लागे.

दापोली तालुक्यातील मुरूड हे गाव समुद्रकाठचे, नारळीपोफळीच्या बागांचे आणि कर्मठ म्हणून प्रसिद्ध असलेल्या चित्पावन वस्तीचे. रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १८८२ मध्ये तेथला. ते नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई वारल्या आणि १८९३ मध्ये वडील धोंडो केशव कर्वे यांनी देवरुखच्या गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांना वाळीत टाकले आणि ते ज्या बैठकीत असतील तेथे कोणी जाऊ नये असे ठरवले. रूढीविरुद्ध वागणाऱ्या माणसाला समाज कसा एकटा पाडतो याचा धडा अकरा वर्षांच्या मुलाला घरातच मिळाला. पुढे ते गणिताचे प्राध्यापक झाले, उच्च अभ्यासासाठी फ्रान्सला गेले, १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, आणि हा विषय सोडण्यास नकार दिल्यामुळे १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातील नोकरी त्यांना सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक निघाले. पत्नी मालतीबाईंच्या साथीने आणि सततच्या ओढाताणीत ते १९५३ पर्यंत, म्हणजे कर्व्यांच्या मृत्यूपर्यंत, चालले.

कर्वे यांची आठवण सहसा संततिनियमनाचे प्रवर्तक म्हणून केली जाते, आणि ती योग्यच आहे. पण मनःस्वास्थ्याच्या इतिहासात त्यांचे महत्त्व मासिकातील वाचकांच्या प्रश्नोत्तरांत आहे. लग्न झालेले आणि न झालेले तरुण, मुले नको असलेल्या स्त्रिया, आपल्या शरीराची भीती बसलेली माणसे पत्र पाठवत आणि त्यांना छापील उत्तर मिळे. त्या काळात मराठी वर्तमानपत्रे धातुपुष्टीच्या आणि शक्तिवर्धक औषधांच्या जाहिरातींनी भरलेली असत. वीर्य गेले की बुद्धी गेली, आयुष्य गेले, अशी भीती ब्रह्मचर्याच्या व्याख्यानांपासून वैद्याच्या दुकानापर्यंत सगळीकडे पेरली जात होती, आणि तिच्यापायी तरुण मुले खरोखरच आजारी पडत होती: झोप उडणे, छातीत धडधडणे, जीव नकोसा होणे. या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ हे नाव नरेंद्रनाथ विग या भारतीय मानसोपचारतज्ज्ञाने १९६० मध्ये दिले. कर्वे त्याआधी तीन दशके अशा माणसांना सांगत होते की हस्तमैथुनाने काहीही बिघडत नाही, बिघडते ते भीतीने. मानसोपचाराची पदवी नसलेल्या माणसाने मराठीत केलेले हे मानसोपचाराचे काम होते असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. ‘शारदेची पत्रे’ या सदरात तर त्यांनी स्त्रीचे नाव घेऊन, स्त्रीच्या भूमिकेतून पुरुषी नीतीची झडती घेतली.

लैंगिक वर्तनाचा निवाडा करण्याची कर्वे यांची कसोटी एकच होती: त्याने दुसऱ्याचे नुकसान होते काय आणि त्यात दोघांची संमती आहे काय. पाप, परंपरा आणि निसर्गाचा क्रम या कसोट्या त्यांनी स्पष्टपणे बाजूला ठेवल्या. ही भूमिका घेतली की समलिंगी आकर्षणाविषयीच्या प्रश्नालाही इतर कोणत्याही प्रश्नाप्रमाणेच उत्तर द्यावे लागते, आणि त्यांनी ते दिले. १९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा पहिला खटला होऊन शंभर रुपये दंड झालाच होता. १९३४ च्या दुसऱ्या खटल्यात आक्षेप वाचकांच्या प्रश्नोत्तरांवर होता, आणि त्यांत हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांविषयीची उत्तरे होती.

या खटल्यात कर्वे यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. गोलमेज परिषदा आणि पुणे करार नुकतेच मागे पडलेले, अस्पृश्यांच्या राजकीय हक्कांचा सगळा भार अंगावर असलेला, अशा वेळी एका निर्धन संपादकाचे बदनामीकारक समजले जाणारे प्रकरण त्यांनी स्वीकारले, याची पुरेशी दखल मराठीत फार उशिरा घेतली गेली. दोघांच्या मुळांत भौगोलिक जवळीकही आहे: आंबेडकरांच्या घराण्याचे मूळ गाव आंबडवे हे मंडणगड तालुक्यात, कर्व्यांच्या मुरूडला लागूनच्या मुलखात, आणि त्यांचे वडील सुभेदार रामजी निवृत्तीनंतर काही काळ दापोलीतच राहिले होते. एकाच कोपऱ्यातील दोन गावांत जातीची दोन टोके होती, आणि वाळीत टाकले जाणे म्हणजे काय हे दोन्ही घराण्यांना, अर्थात फार वेगळ्या मापाने, माहीत होते.

अश्लीलतेची कायदेशीर कसोटी तेव्हा १८६८ च्या इंग्रजी हिक्लिन निकालातून आलेली होती. लिखाण ज्यांच्या हाती पडू शकते अशा दुबळ्या मनांना ते बिघडवील काय, एवढेच तीत पाहिले जाई; लिहिणाऱ्याचा हेतू आणि वाचणाऱ्याची गरज यांना तीत स्थान नव्हते. बचावाचा गाभा नेमका याच्या उलट होता. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे अश्लील झाले असे होत नाही. वाचक आपणहून प्रश्न विचारत असेल तर संपादकाने त्याचे उत्तर शास्त्राच्या आधारे द्यायला हवे. एखाद्या प्रवृत्तीला कोणी विकृती मानत असेल तर ती ज्ञानानेच समजून घेता येईल, ज्ञान दडपून नव्हे. या बचावामागे लैंगिकतेचे इंग्रज अभ्यासक हॅवलॉक एलिस यांच्यासारख्यांचे संशोधन होते. एलिस यांच्या समलिंगी प्रवृत्तीवरील पुस्तकाची प्रत विकल्याबद्दल जॉर्ज बेडबरो या विक्रेत्यावर लंडनमध्ये १८९८ मध्ये खटला झाला होता. म्हणजे ज्या शास्त्राचा आधार मुंबईत घेतला जात होता, ते शास्त्र स्वतःच्या देशातही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहून आलेले होते. मुंबईतला खटला कर्वे हरले. कर्वे यांना दोनशे रुपये दंड झाला आणि तोट्यात चालणाऱ्या मासिकाला तो जड गेला.

निकालापेक्षा त्या अंकांतून काय घडले ते अधिक टिकाऊ होते. वेड्यांच्या इस्पितळाच्या वर्णनपत्रात दुसरा कोणीतरी माणसाविषयी लिहीत होता आणि शिमग्यात त्याला सोंग मिळत होते. ‘समाजस्वास्थ्य’च्या प्रश्नोत्तरांत तो प्रथमच स्वतःविषयी, स्वतःच्या शब्दांत विचारत होता, आणि उत्तर देणारा त्याला रुग्ण, गुन्हेगार किंवा पापी न समजता प्रश्न विचारणारा शहाणा माणूस समजत होता. ही कर्वे यांची सर्वांत मोठी कामगिरी होय. त्यांच्या मर्यादाही होत्या: लिंगभावाची ओळख आणि लैंगिक कल यांत स्पष्ट भेद करण्याची साधने मराठीत तेव्हा नव्हती, आणि मासिक मुख्यतः लिहितावाचता येणाऱ्या वर्गापर्यंत पोचत होते, त्यामुळे हिजडे आणि जोगते यांचे प्रश्न त्या पत्रांच्या कक्षेबाहेर राहिले.

त्याच सुमारास ही चर्चा हिंदुस्थानात इतरत्रही सुरू होती. कलकत्त्यात १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण मंडळ स्थापन करणारे गिरींद्रशेखर बोस यांनी १९२९ मध्ये फ्रॉइडला कळवले होते की स्त्री होण्याची इच्छा युरोपीय रुग्णांपेक्षा भारतीय पुरुष रुग्णांत अधिक सहज वर येते. बर्लिनच्या लैंगिक विज्ञान संस्थेचे माग्नुस हिर्शफेल्ड, ज्यांनी १९१० मध्येच वेषांतराची ओढ आणि समलिंगी आकर्षण या भिन्न गोष्टी असल्याचे दाखवले होते, ते १९३१ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले. दीड वर्षाने नाझींनी त्यांची संस्था लुटली आणि तिचे ग्रंथ भर चौकात जाळले. मुंबईतला दोनशे रुपयांचा दंड आणि बर्लिनमधली ती होळी यांची तुलना होऊ शकत नाही, पण दोन्हींमागची भीती एकाच जातीची होती.

स्वातंत्र्यानंतर या विषयात दीर्घ मौन दिसते. कर्वे विस्मृतीत गेले, कलम ३७७ जसेच्या तसे राहिले, आणि मानसोपचार हे शास्त्र म्हणून वाढत असताना क्राफ्ट-एबिंगची यादीही त्याच्याबरोबर येथे रुजली. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकतेला विकारांच्या यादीतून वगळले. तरी १९८० च्या दशकात ‘इंडियन जर्नल ऑफ सायकिॲट्री’मध्ये समलैंगिक पुरुषांवर वर्तनोपचार करून त्यांचा कल बदलण्याच्या प्रयत्नांचे अहवाल छापले जात होते. अशा उपचारांत नावड उत्पन्न करणारी पद्धतही असे, म्हणजे आकर्षक वाटणाऱ्या प्रतिमेबरोबर विजेचा सौम्य धक्का देऊन मनात तिटकारा निर्माण करण्याचा प्रयत्न केला जाई. भगताच्या धुरीपेक्षा ही पद्धत सुसंस्कृत दिसत होती; हेतू निराळा नव्हता. १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ रंगमंचावर आले, ज्याची नायिका सुमित्रा हिला स्त्रियांविषयीच आकर्षण वाटते आणि अखेर ती आत्महत्या करते. मराठी प्रेक्षकाने हा विषय इतक्या थेटपणे पाहिला तो बहुधा प्रथमच, आणि तोही शोकांतिकेच्या रूपात.

चित्र बदलले ते एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, आणि ते प्रामुख्याने तृतीयपंथी समुदायाच्या स्वतःच्या लढ्यामुळे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगभावाची ओळख ठरवण्याचा अधिकार व्यक्तीचा स्वतःचा आहे असा निर्णय दिला, शस्त्रक्रियेची अट घालणे अनैतिक व बेकायदेशीर ठरवले, आणि या व्यक्तींना भेडसावणारी भीती, लाज, नैराश्य व आत्महत्येची प्रवृत्ती यांकडे सरकारांनी गांभीर्याने पाहावे असे बजावले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ४०,८९१ व्यक्तींची नोंद पुरुष आणि स्त्री यांबाहेरच्या रकान्यात झाली होती. तो रकाना असणे हेच नवे होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने स्पष्ट केले की समाजातील प्रचलित नैतिक, सामाजिक वा सांस्कृतिक मूल्यांशी एखाद्याचे वागणे जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, आणि उपचारांत लिंग वा लैंगिक कल यांवरून भेद करता येणार नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते कलम ३७७ रद्द झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या रोगवर्गीकरणात पारलिंगी असणे मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेण्यात आले.

२०१९ च्या पारलिंगी व्यक्तींसंबंधीच्या कायद्याने ओळखीचे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे दिला. २०२० च्या नियमांच्या मसुद्यात अर्जाबरोबर मानसशास्त्रज्ञाचा अहवाल जोडण्याची अट होती. समुदायाने तिला कडाडून विरोध केला आणि अंतिम नियमांत ती काढून कोणत्याही वैद्यकीय वा शारीरिक तपासणीविना, अर्जदाराच्या प्रतिज्ञापत्रावर प्रमाणपत्र द्यावे असे ठरले. हा विजय लहान नव्हता, कारण त्यामुळे राजापूरच्या किंवा मंडणगडच्या अर्जदाराला आपण कोण आहोत हे पटवण्यासाठी प्रथम मनोरुग्णालयाची पायरी चढावी लागणार नव्हती.

वैद्यकाच्या आतला झगडा मात्र संपलेला नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कल वा ओळख बदलण्याचे तथाकथित उपचार हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले. त्याच आयोगाने ऑगस्ट २०२४ मध्ये काढलेल्या पदवी अभ्यासक्रमात न्यायवैद्यक विषयाखाली समलिंगी संबंध पुन्हा अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यांत घातले, डॉक्टर व पारलिंगी कार्यकर्ते यांनी हरकत घेतली, आणि सप्टेंबरमध्ये आयोगाला तो मजकूर मागे घेऊन अभ्यासक्रम नव्याने काढावा लागला.